दारातली पट्टी

३ एप्रिल

आलो एकदाचे. सामानाचा ट्रक शेवटच्या वळणावर अडून बसला, तेव्हा अर्धा संसार आम्ही दोघांनी हातांनी वर आणला. ह्यांची कंबर धरली आहे, पण चेहरा लग्नातल्या फोटोसारखा. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये आपलं घर आणि मागे थेट वरच्या झाडीपर्यंत चढत गेलेली आपली जमीन. जन्म दोन खोल्यांत गेला. शेजाऱ्याने कूस बदलली तरी आम्हाला कळायचं. इथे कितीही ओरडा, ऐकायला कुणी नाही.

घर विकणाऱ्या आजींनी किल्ल्या देताना पाण्याचा कॉक, चुलीचं धुराडं, खिडकीची हट्टी कडी, सगळं दाखवलं. दारात एक लोखंडी पट्टी टांगली आहे, शेजारी सळई. माणूस शेतात असेल तर पट्टी वाजवायची, हाक मारायची नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं. त्या सगळं कुजबुजतच बोलत होत्या. मला वाटलं, घसा बसला असेल.

८ एप्रिल

ह्यांनी वरच्या टप्प्यावर बटाट्यांसाठी जमीन खणायला घेतली आहे. कारखान्यातल्या यंत्रांनी ह्यांचे कान नेले, त्यामुळे ती पट्टी ह्यांना ऐकूच येत नाही. माझा आवाज तेवढा येतो. जन्मभर लोकांचे कपडे बेतले, तसा ओरडून ओरडून हाही आवाज मी ह्यांच्या कानांच्या मापाचा बेतून घेतला आहे. आणि नवऱ्याला जेवायला बोलवायचं तर लोखंड काय बडवायचं? दारात उभं राहून "अहो" म्हणून सणसणीत हाक मारली. डोंगराने ती जशीच्या तशी परत दिली. गंमत वाटली म्हणून आणखी एकदा मारली. आता रोज मारते.

१३ एप्रिल

भांडी घासत होते तर हे घामाघूम होऊन दारात. हाक का मारलीस, म्हणाले. मी मारलीच नव्हती. म्हटलं, कान होते तेव्हा माझं ऐकलं नाहीत, आता न बोललेलंही ऐकू यायला लागलं. हे हसले नाहीत. म्हणाले, हाक घराकडून नाही, वरच्या झाडीतून आली. निम्म्या वाटेपर्यंत तिकडेच गेले होते, मग धुराड्याचा धूर पाहून मागे फिरले.

१७ एप्रिल

खालच्या घरच्या वहिनी दूध घेऊन आल्या. त्यांची ओळख करून द्यावी म्हणून मी ह्यांना हाक मारायला वळले, तर त्यांनी माझ्या तोंडावर हातच ठेवला. मला आत नेलं, दार लावलं आणि हळू आवाजात सांगितलं. डोंगर हाक उचलतो. आधी परत देतो, मग ठेवून घेतो आणि त्याच हाकेने आपल्या माणसाला ओढतो. आवाज मिळाला की त्याला घरातल्या कुणाचंही रूप मिळतं. हात तेवढे मिळत नाहीत. म्हणून प्रत्येक दारात पट्टी. पट्टी वाजली की समजायचं, आपलं माणूस आहे. त्यांच्या धाकट्या दिराला भर दुपारी आईची हाक आली होती. आई घरात झोपलेली होती. तो परत आला नाही.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्या गेल्यावर मात्र खिडक्या लावून घेतल्या.

१९ एप्रिल

आज मी ऐकली. कपडे वाळत घालत होते. वरून "अहो". माझाच आवाज, शेवटी जरासा चिडका, जेवण निवत आलं की होतो तसा. हे कुदळ टाकून झाडीकडे निघालेले दिसले. ओरडावं तर आणखी एक हाक डोंगराच्या हाती. पट्टी बडवली, ह्यांना ऐकू येईना. मग धावले आणि झाडीच्या तोंडाशी सदरा धरून ओढलं. खांद्यावर टरकन फाटला. घरी आणून हाती लागला त्या लाल दोऱ्याने टाके घातले, नजर सारखी झाडीकडे, म्हणून वेडेवाकडे.

घरात कुणी बोलायचं नाही, असं ठरवलं. सगळं ह्याच वहीत लिहायचं. मी वही पुढे केली, तर ह्यांनी लिहिलं, "बरं. पण बटाटे?" हसू आलं आणि रडूही. लेकीला फोनवर निरोप लिहून पाठवला. ती पुढच्या रविवारी गाडी घेऊन येते आहे. तोवर ह्यांना सांभाळायचं, बाकी जमीन गेली चुलीत.

२२ एप्रिल

दूध आणायला खाली गेले, तेवढ्यात. दार उघडं, हे नाहीत. झाडीपर्यंत गेले. हाक मारता येईना. पदराचा बोळा तोंडात कोंबून पायरीवर बसून राहिले.

ऊन कलताना आपले आपणच खाली आले. अंगभर शाल लपेटलेली. चुलीजवळच्या खुर्चीत बसले. मिळाले. माझं माणूस मला मिळालं. दाराला कडी घातली, फळीही अडकवली. मागच्या दाराला फळी नाही, तिथे नुसती कडी.

२३ एप्रिल

अंग गार आहे. हात शालीबाहेर काढत नाहीत. मी भरवते, घास तोंडात तसाच राहतो. वही पुढे केली. बघतात, लिहीत नाहीत. धसका घेतला असेल. वहिनींचं बोलणं मनात येतं, मी ते झटकून टाकते.

२४ एप्रिल

वरून हाक येत नाही. काल नाही, आज नाही. बरं झालं म्हणायचं —

पापणी लवत नाही ह्यांची.

२५ एप्रिल, सकाळ

उद्या लेक येईल. उद्या —

पट्टी वाजते आहे. वाऱ्याने नाही. कुणीतरी बडवतं आहे. ज्याला स्वतःला ऐकू येत नाही तो बडवेल तशी, जीव खाऊन —

वहिनी असतील. वहिनीच.

खिडकीतून खांदा दिसला. सदरा. लाल दोरा, माझे वेडेवाकडे टाके.

मग मी भरवते आहे तो —

पेन्सिल पुढे केली. लिहा म्हणून खूण केली. ती घरंगळून खाली पडली. त्याने वाकून बघितलं. शाल सरकली. तिथे काही —

उठला आहे. माझ्या आणि दाराच्या मध्ये. तोंड उघडलं. अहो, म्हणाला. माझ्या आवाजात.

पट्टी थांबली. ऐकलं त्यांनी. माझा आवाज तेवढाच येतो त्यांना. पावलं मागच्या दाराकडे वळली आहेत. येऊ नका म्हणून ओरडले तरी, कुठली हाक माझी हे त्यांना कसं —