हरकती : निरंक

बुधवार, १२ नोव्हेंबर

ती. ताई,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे फार कुरकुरत नसावेत, एवढं मागणं आज सकाळीही देवापुढे मांडलं. आम्ही इकडे ठीक आहोत. तुझ्या भाचीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. मागची सहा पत्रं तुला पोचली का, ठाऊक नाही. परत आली नाहीत यावर समाधान मानतो. हे मात्र शेवटपर्यंत वाच.

परवा सोमवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी कार्यालयात गेलो आणि जिन्याखालचं लोखंडी कपाट एकट्याने ढकललं. दोन हात सरकलं. त्याच्यामागे भिंतीवर आमचा सूचनाफलक आहे. त्यावरची धूळ धोतराच्या जुन्या फडक्याने पुसत होतो, तेवढ्यात शिपाईमामा आले.

"अहो भाऊसाहेब, कपाट कशाला हलवलंत? फलक दिसायला लागेल ना लोकांना!"

मामा विनोद करत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर खरीच काळजी होती.

तुला आमच्या कामाची रीत सांगतो, म्हणजे कपाटाचं महत्त्व कळेल. महिला आयोगाच्या सदस्यांची मुदत दर तीन वर्षांनी संपते. मग नवी यादी. नियम असा की नव्या नावांचा कागद पंधरा दिवस फलकावर लावायचा आणि कुणाची हरकत असली तर लेखी घ्यायची. कागद मी लावतो. कपाटामागे हात घालून, चाचपडत. सोळाव्या दिवशी नोंदवहीत मीच लिहितो, 'हरकती : निरंक', म्हणजे एकही आली नाही. एकवीस वर्षांत सात याद्या झाल्या आणि सातही वेळा निरंक. गुरुजींनी छड्या मारून वळण लावलेलं माझं अक्षर, त्यामुळे ते पान फार देखणं दिसतं.

यंदा जुनी यादी समोर घेतली तर कळलं, एक सदस्यबाई वारून दोन वर्षं झाली आहेत. या दोन वर्षांत प्रत्येक ठरावाला त्यांची 'सहमती' आहे. साहेबांना दाखवलं. "जिवंतपणी तरी कुठं काय बोलायच्या?" म्हणाले आणि चहा मागवला. दुसऱ्या बाईंना बैठकीत खिडकीकडे तोंड करूनच खुर्ची लागते, फोटोत उजेड बरा येतो म्हणून. एक गृहस्थही आहेत. बायकांच्या सोसण्यावर तासभर बोलतात, डोळे पुसतात. तोवर त्यांची बायको खाली गाडीत बसून असते. तिला वर यायची परवानगी नाही. आणि बाहेर बाकावर अर्ज मांडीवर घेऊन बसलेल्या बाया या सगळ्यांसाठी उठून उभ्या राहतात. देवाने काही माणसांना फक्त तोंड दिलं आणि पुढचं काम अर्ध्यात सोडलं, असं मला हल्ली वाटतं. अशा विचाराबद्दल रोज क्षमा मागतो. दुसऱ्या दिवशी ही मंडळी दिसली की पुन्हा तेच मनात येतं.

मुद्द्यावर येतो येतो म्हणत दीड पान संपलं.

त्या वारलेल्या बाईंच्या जागी जे नाव आलं आहे, ते तडजोडबाईंचं. हे टोपणनाव कार्यालयातलं. तू त्यांना 'मॅडम' म्हणायचीस. हिरव्या सोफ्याची खोली, भिंतीभर सत्काराचे फोटो आणि मधल्या टेबलावर तुझ्यासाठी ठेवलेला पाण्याचा पेला, ज्याला तू हात लावला नाहीस. त्याच बाई. नावासोबत कामाचा पुरावा जोडावा लागतो. त्यांनी लिहिलंय, 'मोडते संसार सांधले : एकशे बारा'. पुराव्यादाखल दहा तडजोडपत्रांच्या प्रती. पहिलंच पान तुझं.

'माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. मी स्वखुशीने सासरी परत जात आहे.' खाली तुझी सही, वेलांटी थरथरलेली. त्याखाली साक्षीदार, मुलीचा भाऊ. ते अक्षर कुणाचं हे विचारायची गरज नव्हती.

पान बघून मी फाइल मिटली आणि दुसरं काम घेतलं. हेही सांगतो, कारण आज काही ठेवून घ्यायचं नाही.

चार दिवसांनी बाई स्वतः आल्या. फाइल कुठवर आली बघायला. मला ओळखलं. साहेबांसमोर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "अरे, तू अजून याच खुर्चीत? हा आमचाच माणूस हो, साहेब, मीच चिकटवलाय." मग माझ्याकडे वळून, "बहीण काय म्हणतेय? नांदतेय ना सुखात? पहिल्या पानावर ठेवलंय तिला!"

तू त्या कागदानंतर तीन महिन्यांत ते घर सोडलंस. नेसत्या लुगड्यानिशी. तुला डाव्या कानाने तेव्हापासून ऐकू येत नाही. हे बाईंना माहीत नाही. त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

आणि मी म्हणालो, "हो, बरी आहे."

साहेब हसले, बाई हसल्या, मीही हसलो असेन. त्यांचा मला तिटकारा आहेच, पण तिटकारा करायला हे दोघं कशाला लागतात? घरी आरसा आहे.

ताई, मी तो कागद वाचला नव्हता, असं बायकोला सांगत आलो. आईला शेवटच्या आजारात तेच सांगितलं. तुला त्या दिवशी जिन्यात सांगितलं, "नुसती हजेरीची सही आहे गं." मी तो वाचला होता. दोनदा वाचला होता. आदल्या आठवड्यात तू माझ्या दारात आली होतीस तेव्हा गालावरचा वळही पाहिला होता. मी तेव्हा तात्पुरता कारकून होतो. बाई म्हणाल्या होत्या, "पोरगी परत गेली की तुझं कायम करण्याचं मी बघते." त्यांनी बघितलं. पंधरा दिवसांत आदेश आला. ही खुर्ची तशी मिळाली. एकवीस वर्षं मी तुझ्या कानावर बसून सुंदर अक्षरात निरंक लिहितो आहे.

सोमवारी फलक मोकळा करून मी मधल्या सुट्टीत आवक टेबलावर गेलो. तिथल्या बाई डबा खात होत्या.

"कुणाची हरकत?"

"माझी."

"चेष्टा करता काय भाऊसाहेब? कर्मचाऱ्याला देता येते?"

"नियमात 'कुणीही' लिहिलंय."

त्यांनी डबा बाजूला सारला आणि वाचलं. 'सदर तडजोडपत्रावर साक्षीदार म्हणून मी खोटी सही केली. बदल्यात मला नोकरीत कायम करण्यात आलं.' मग एवढंच, "घरी विचारलंत?"

"विचारलं. ती म्हणाली, 'इतकी वर्षं माझ्याशीही खोटं बोललात, ते वेगळं बघू. आधी हे देऊन या.'"

शिक्का बसला. अर्जात तुझं नाव घातलेलं नाही, 'अर्जदाराची बहीण' इतकंच आहे. फाइलमधल्या प्रतीवर मात्र ते आहे, ती मला काढता येत नाही. कुणी तुझ्यापर्यंत आलं तर बोलायचं की दार लावून घ्यायचं, ते तू ठरव. या वेळी तुझ्या वतीने मी काही कबूल केलेलं नाही.

साहेबांनी काल बोलावलं. "अर्ज मागे घ्या, आणि ते कपाट जागेवर लावा. पुढच्या माणसाला त्रास." माझी चौकशी लागणार. नोकरी राहील असं दिसत नाही. तडजोडबाई सदस्य होतीलही. त्यांची माणसं पुष्कळ आहेत.

आज सोळावा दिवस होता. वही उघडली. सवयीने 'नि' लिहून झाला होता. तो खोडला. देखण्या पानावर पहिली खाडाखोड. पुढे लिहिलं, 'हरकती : एक'. वही साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि घरी आलो.

हे पत्र दोनदा वाचून मग सही करतो आहे.

तुझा,
धाकटा