नऊ वाडग्यांची भिंत

तांडा, ता. दिग्रस
गुरुवार, १ जानेवारी

प्रिय निकिता,

पत्राची सुरुवात अशीच करतात म्हणून 'प्रिय' लिहिलं. त्याहून जास्त अर्थ त्यात शोधू नकोस. आठ दिवसांपूर्वी तुझा मेसेज आला: "राखी, झालं गेलं सोडून दे. महागावला नवीन घर करतेय, एकवीस वाडगे हवेत, तुझ्याशिवाय कोण करणार?" शेवटी हसणारं तोंड. मी तो मेसेज चार वेळा वाचला आणि फोन पालथा ठेवला. फोनवर तुझ्याशी बोलणं सोपं नाही, तू मधेच गोड हसतेस आणि माणूस मूळ मुद्दा विसरतो. कागदाला तुझं हसू ऐकू येत नाही.

तुला यवतमाळचं होस्टेल आठवतं का? मला फार आठवतं आणि त्याचा राग येतो. आपल्या खोलीत दोन खाटा होत्या. तुझ्या खाटेखाली काही नसायचं, माझ्या खाटेखाली याडीनं, म्हणजे आईनं, दिलेले डबे, गाठोडी, जुनी चादर. तू म्हणायचीस, "राखी, माणसाला किती कमी लागतं गं!" मला ते फार मोठं वाटायचं. पुढं तू नागपूरला घरं बांधायचं शिक्षण घेतलंस, मी आयटीआयला पत्राकामाला बसले. वर्गात मी एकटी मुलगी. तिथून उमरखेडला नागोराव तांबटांकडं गेले. म्हाताऱ्यांनी आधी वर्षभर मला नुसता पत्रा तापवायला लावलं. "तांबं किती तापलं ते डोळ्याले समजलं पाह्यजे, मंग हातोडा," म्हणायचे. दुसऱ्या वर्षी त्यांनी हातोडा दिला. माझा पहिला वाडगा एका बाजूनं बसका झाला होता. तू तो पाहिलास, उचललास, उजेडात फिरवलास आणि म्हणालीस, "हे ठोके घासून काढू नकोस, हेच तर सुंदर आहे." तेव्हा माझ्या कामाला सुंदर म्हणणारी तू पहिली होतीस. खोटं कशाला लिहू? म्हणूनच पुढचं इतकं लागलं.

सदाशिवरावांचं दिग्रसबाहेरचं घर तू बांधलंस तेव्हा मला तीनदा तिथं नेलंस. सगळा सिमेंटचा राखाडी रंग, गिलावा नाही, सरळ सपाट छप्पर, पश्चिमेला भिंतभर काच. कपाटांना मुठी नाहीत. सदाशिवरावांच्या कोकिळाबाई बिचाऱ्या दार कुठून उघडायचं ते चाचपत होत्या. देव्हारासुद्धा तू भिंतीत सरकवून ठेवलास. दालनातल्या लांब भिंतीत नऊ कोनाडे सोडले होतेस, लहानापासून मोठ्यापर्यंत. म्हणालीस, "या घरात दागिना एकच, तुझे वाडगे. दुसरं काही नाही." मी पाच महिने त्या नऊ वाडग्यांसाठी खपले. सगळ्यात मोठा पितळेचा, दोन्ही हातांच्या कवेत मावेल एवढा. सगळ्यात लहान तांब्याचा, ओंजळीत बसणारा. त्या लहानग्यानंच मला रडवलं. काठ वळवताना त्याला बारीक चीर गेली. टाकून नवा करता आला असता, पण आकार मनासारखा उतरला होता, म्हणून मी चिरेला चांदीचा टाका दिला. केसाएवढी रेघ. तुला दाखवली तर तू म्हणालीस, "राहू दे, मला आवडली." ही रेघ लक्षात ठेव.

अक्षय तृतीयेला वास्तुशांत होती. त्याच्या आठ दिवस आधी मी नऊ वाडगे खोक्यात भरून घरी पोचवले. कोकिळाबाईंनी स्वतः मोजून घेतले आणि खोका मागच्या खोलीत ठेवला. वास्तूच्या आदल्या दिवशी सकाळी मी आणि माझा बा ते बसवायला आलो. मोठा वाडगा एकटीला पेलत नाही म्हणून बा आला होता. नाहीतर साऱ्या तांड्याचा देवसिंग कारभारी, सहासष्ट वर्षांचा माणूस, कोणाच्या घरी सामान धरायला जातो का? माझ्यासाठी आला. लाल पागोटं नवं बांधून आला, कारण त्याला वाटलं आपल्या पोरीचं काम आज भिंतीवर चढतंय. येताना स्कूटरवर मागून म्हणाला, "घर लय भारी हाय म्हणतात, पायताण कुठं काढाव लागते?"

दोन तास आम्ही दोघंच त्या दालनात होतो. मोठ्याकडून सुरुवात केली. बा एकेक पुसून हातात देत होता. आठ बसवले. खोक्यात हात घातला तर नुसता भुसा. मीच कोकिळाबाईंना हाक मारली, निकिता. चोरी केलेली बाई हाक मारते का? त्यांनी खोका उलटा केला. मग त्यांचा मुलगा पियुष आला. म्हणाला, "घरात तर दुसरं कोणी आलंच नाही." एवढंच म्हणाला. त्याचा पुढचा अर्थ भिंतींनाही कळला असेल. तेवढ्यात तुझी गाडी आली.

तू आत आलीस, काय झालं विचारलंस, पियुषनं सांगितलं. तुझा चेहरा मी पाहिला. मला वाटलं तुला माझ्यासाठी धक्का बसलाय. तू पियुषला बाजूला घेशील, म्हणशील, ही माझी मैत्रीण आहे, सोळा वर्षं ओळखते हिला. तू पर्समध्ये फोन शोधायला लागलीस. मग वर न बघता म्हणालीस, "एकदा बघून घ्या ना, म्हणजे विषय संपेल."

पियुषनं माझी पिशवी उघडली. हातोड्या, मऊ कापड, भाकरीचा डबा. डबासुद्धा उघडला. स्कूटरची डिकी उघडली. मग पियुष बाच्या डोक्याकडं बघत राहिला. नुसतं हनुवटीनं दाखवलं. कोकिळाबाई "असू दे रे" म्हणाल्या, पण अगदी खालच्या आवाजात. तोवर आलेले सदाशिवराव फरशीकडं बघत होते. आणि बाचं पागोटं सुटलं. दहा-बारा हात लाल कापड तुझ्या त्या राखाडी फरशीवर. त्यातून तंबाखूची पुडी निघाली आणि एसटीचं म्हाताऱ्यांचं सवलतीचं कार्ड. बस्स. पियुष म्हणाला, "बरं, ठीक हाय," आणि तू म्हणालीस, "चला, आता पुढचं बघू." नववा कोनाडा रिकामाच ठेवायचं तू त्या संध्याकाळी ठरवलंस. लोकांना सांगितलंस की तो मुद्दाम मोकळा ठेवलाय. मला सुरभीनं सांगितलं, तुझ्याच हाताखाली काम करणाऱ्या मुलीनं. तिला त्यामागचं काही माहीत नव्हतं, कौतुकानं सांगत होती.

बा ते कापड घडी करून मांडीवर घेऊन परत आला. उघड्या डोक्यानं. त्याला मी जन्मात उघड्या डोक्यानं गावातून जाताना पाहिलं नव्हतं. घरी याडीनं विचारलं, "पागोट्याले काय झालं?" तो म्हणाला, "गरम होऊन राह्यलं."

पुढचं तुला माहीत नाही, कारण तू विचारलं नाहीस. तांड्यात ही गोष्ट आठवड्यात पोचली. आमच्याकडं शेताच्या बांधाचं भांडण असो की नवरा-बायकोचं, नायक पूनमसिंग आणि कारभारी म्हणून बा, दोघं बसून निवाडा करायचे. पोळ्याच्या सुमारास रूपसिंगच्या दोन लेकांचं शेताच्या धुऱ्यावरून वाजलं. बा बोलायला लागला तर धाकटा म्हणाला, "काका, आधी तुमच्या झडतीचं सांगा, मंग आमचं पाहू." बा उठला. दुसऱ्या दिवशी पूनमसिंगकडं जाऊन कारभारीपण सोडून आला. नायकानं लाख समजावलं. बा म्हणाला, "माह्यावर कोनाचा इश्वास नाई तं मी कोनाले काय सांगू?" तेव्हापासून तो बाजारालाही जात नाही. सकाळी अंगणात बसतो, बैलांशी बोलतो. पागोटं खुंटीला आहे. याडी रोज झटकून पुन्हा अडकवते.

मला बरेच महिने वाटायचं, वाडगा खरंच कुठं गेला असेल? मी स्वतःवरही संशय घेतला. कदाचित मी आठच पोचवले असतील, कोकिळाबाई मोजताना चुकल्या असतील. दिवाळीत तू उमरखेडला केलेल्या घराचे फोटो टाकलेस. लांब लाकडी मेज, पांढरी भिंत, दुसरं काही नाही, तुझ्या पद्धतीनं. मेजावर तांब्याचा एक लहान वाडगा. मी फोटो बोटांनी ताणून मोठा केला. काठावर चांदीची रेघ.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं उमरखेड गाठलं. घर विमलताई म्हणून एका शिक्षिकेचं आहे, फार भली बाई. मी तांब्याचं काम करते एवढंच सांगितलं. त्यांनी चहा केला, वाडगा स्वतः माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "निकिताताईंनी नमुना म्हणून दाखवायला आणला होता. मला इतका आवडला की मी सोडलाच नाही. कधी? अक्षय तृतीयेच्या तीन दिवस आधी, माझ्या लेकीचा वाढदिवस होता त्या दिवशी." निकिता, मी त्यांना काही सांगितलं नाही. चहा गिळला आणि निघाले. बसस्थानकावर दोन गाड्या सोडल्या.

म्हणजे तुला माहीत होतं. कोकिळाबाईंना न सांगता तू खोक्यातून तो उचललास, दुसऱ्या घराचं काम मिळावं म्हणून दाखवलास, आणि तिथं देऊन बसलीस. हे लहान पाप आहे. त्या दालनात एक वाक्य बोलली असतीस, "सॉरी, तो माझ्याकडून गेला," तर सदाशिवराव जरा रागावले असते आणि कोकिळाबाई हसल्या असत्या. तुझी मान पाच मिनिटं खाली गेली असती. ती पाच मिनिटं वाचवायला तू माझ्या बाचं डोकं पुढं केलंस. आणि आता एकवीस वाडगे मागतेस. एकही मिळणार नाही. तुझ्या कोणत्याही भिंतीला माझ्या हातचा ठोका पुन्हा लागणार नाही.

हे सगळं तुला मेसेजमध्ये दोन ओळीत कळवता आलं असतं. पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. पुढच्या रविवारी, अकरा तारखेला सकाळी दहा वाजता, नायकाच्या अंगणात मी तांडा बोलावलाय. सदाशिवराव आणि कोकिळाबाई येणार आहेत. मी फोनवर नुसतं "बाला भेटून जा" म्हटलं, तर सदाशिवराव म्हणाले, "येतो. मलेही त्याले भेटाचंच होतं." तिथं पहिलं मी बोलणार आहे. कारण एक गोष्ट मी वर लिहिली नाही, याडीलाही सांगितली नाही. पियुषनं हनुवटीनं दाखवलं तेव्हा बा जागचा हलला नव्हता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी नाही म्हटलं असतं तर तो तिथून ताठ निघून आला असता. मला माझं काम त्या भिंतीवर राहायला हवं होतं, तुझी पुढची घरं हवी होती. मी म्हणाले, "बा, सोडून दाखव ना, कायले वेळ लावतो?" म्हणून त्यानं पागोटं सोडलं. त्यांच्या नाही, माझ्या शब्दावर. आठ महिने तो एकाच घरात माझ्यासोबत जेवतो आणि ते वाक्य त्यानं एकदाही काढलं नाही. रविवारी मी ते सगळ्यांसमोर, त्याच्यासमोर सांगणार आहे. माझ्यानंतर तुझी पाळी. तू येऊन स्वतःच्या तोंडानं सांग. आली नाहीस तर तुझंही मीच सांगेन, तारखेसकट. पण मग मी तुझ्याबद्दल एकही चांगला शब्द बोलणार नाही, आणि तसे दोन-तीन शब्द अजून माझ्याकडं शिल्लक आहेत.

एके काळी तुझीच असलेली,
राखी देवसिंग