दातांच्या डॉक्टरची खिडकी

३ मार्च, मंगळवार

आई संपावर गेली!

कालच्या गिऱ्हाइकाने सोफा भिजवला, ते एकवेळ चाललं असतं. पण धार भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत गेली. वय जेमतेम आठवडा, नेम मात्र सैनिकाचा. सकाळी आईने हातात फडकं घेऊन जाहीर केलं — "उद्यापासून या घरात लोकांची पोरं नागडी होणार नाहीत. तुझं तू बघ."

तिचंही बरोबर आहे. मी हॉलमध्ये हीटर लावणार, उशांचा डोंगर रचणार, टीव्ही बंद करणार. बाळाची आई दूध पाजायला आईच्या पलंगावर, बाळाचा बाप आईच्या खुर्चीत, आणि आई स्वयंपाकघरात स्टुलावर. स्वतःच्या घरात तिने पाहुण्यासारखं किती दिवस राहायचं?

तर खोली हवी. मोठी खिडकी हवी, तीही उत्तरेची — ऊन आत घुसत नाही, नुसता उजेड येतो, दिवसभर एकसारखा. फ्लॅश मी बाळांवर मारत नाही. लिफ्ट हवी, कारण टाके पडलेली बाई जिने चढत नसते. आणि गरम पाणी. का ते कॅलेंडरला विचारा.

पुढच्या महिन्यातल्या सगळ्या आया पोटावर हात ठेवून माझ्याकडे नावं नोंदवून बसल्यात. त्यांची पोरं काही मला खोली मिळेपर्यंत आत थांबायची नाहीत. धाकटी त्यातलीच एक. "ताई, नव्या स्टुडिओतला पहिला फोटो माझ्या बाळाचा. नाहीतर बघच," अशी गोड धमकी देऊन ठेवलीय.

५ मार्च, गुरुवार

मावशी झाले! मुलगी! सांगितलेल्या तारखेच्या चांगली आधी आली. आमच्या घरात वेळेआधी पोहोचलेली ही पहिलीच व्यक्ती.

दिसायला बोचकं. खरंच, गाठोडं बांधून वर नाक चिकटवल्यासारखी. नाव ठरेपर्यंत बोचकंच.

आईची मात्र गंमत झाली. ऐन वेळी खोकला. डॉक्टरांनी सांगितलं, पूर्ण बरं वाटेपर्यंत बाळाच्या आसपास फिरकायचं नाही. आई तेव्हापासून खोकते आहे आणि शिव्या देते आहे, आलटून पालटून. मी दोघींमधली वकील. दवाखान्यात जायचं, फोटो काढायचे, घरी येऊन आईला दाखवायचे. "नाक कुणाचं? कान दाखव. हात मोठा करून दाखव." उलटतपासणीच!

६ मार्च, शुक्रवार

दलालाबरोबर पहिली खोली. उंच इमारत, वरचा मजला, तिन्ही बाजूंनी काचा. दलाल म्हणाला, "मॅडम, उजेडच उजेड!" तोच तर घोळ आहे. सगळीकडून उजेड आला की चेहऱ्यावर सावली राहत नाही आणि बाळ भाकरीसारखं सपाट दिसतं. शिवाय भट्टी. मलाच तिथे दुपट्यातून बाहेर यावंसं वाटलं.

खोली बघायला मी बाहुली नेते. खऱ्या बाळाएवढी, पोटात तांदूळ भरलेले, म्हणजे वजनही तेवढंच. दलाल बिचारा लिफ्टपासून चवड्यांवर चालत होता, कुजबुजत बोलत होता. काम झाल्यावर मी तिला एका पायाला धरून पिशवीत कोंबली. तो असा किंचाळला की वॉचमन वर आला.

बाहुलीबरोबर दुसरं हत्यार म्हणजे करडं कार्ड. पत्त्याएवढा पुठ्ठा. पहिल्या फोटोत ते बाळाच्या गालाशेजारी धरायचं. फोटोत कार्ड करडंच दिसलं तर उजेड स्वच्छ. पिवळं, निळं, काहीही दिसलं तर उजेड लबाड. गुरूंनी हाताला लावलेली सवय. आता मी ते मुकाट्याने धरते आणि फोटो काढते. नंतर बघत कोण बसतं? डोळे आहेत की मला.

८ मार्च, रविवार

बोचकं घरी आलं.

धाकटीच्या नवऱ्याला मी अभ्यासू म्हणते. बाळ होणार कळल्यापासून त्याने एवढं वाचलंय की बाळंतपण त्यालाच जमलं असतं. सध्याचा धडा — बाळाच्या डोळ्यांना उजेडाचा त्रास होतो. म्हणून खोलीला जाड नारिंगी पडदे, कोपऱ्यात एक मिणमिणता दिवा. आत शिरल्यावर मी आधी कपाटाला नमस्कार केला.

बोचकं झोपलेलं. मी होते तेवढा वेळ झोपलेलंच. धाकटी म्हणाली, "दूध ओढता ओढता झोपते गं." अभ्यासू म्हणाला, "झोपेत मेंदू वाढतो." वाढो बापडा. या घराण्याला गरज आहे.

फोनवर फोटो काढला. त्या दिव्यात सगळंच पिवळं — बोचकं, धाकटी, भिंत, अभ्यासूचे दात. घरी येऊन नेहमीचा मसाला टाकला. पिवळा खाली ओढायचा, गुलाबी किंचित वर, झालं. नवी बाळं थोडी पिवळट, थोडी लाल, थोडी सोललेली असतातच. कुठल्याच आईला ती तशी भिंतीवर नको असतात. आईने फोन छातीशी धरला. "काय गुलाबी आहे गं माझी बाय!" मग खोकली. मग फोनचीच पापी घेतली. मला फोन पुसावा लागला.

९ मार्च, सोमवार

दोन खोल्या!

पहिली ब्यूटी पार्लरच्या मागची. पार्लरवाली हसतमुख, खोली अख्खी गुलाबी — भिंती, पडदे, पंखासुद्धा. बाहुली इतकी गोड दिसली की मला क्षणभर आई व्हावंसं वाटलं. दलालसुद्धा तरुण दिसत होता. कार्डाचा फोटो तिथेच बघितला, तर कार्ड गुलाबी! उजेड लबाडच. पण लबाड असला तरी मनमिळाऊ. मसाला टाकायचं माझं काम वाचेल.

दुसरी खोली म्हणजे दातांचा दवाखाना. होता, आता बंद. डॉक्टरीणबाई निवृत्त झाल्या, त्याच इमारतीत वर राहतात. केस पांढरे, आवाज ड्रिलमशीनसारखा. खुर्ची गेली, पण जमिनीत तिचे चार बोल्ट तसेच. कोपऱ्यात चूळ भरायचं बेसिन, गरम पाण्यासकट. आणि खिडकी! भिंतभर. उत्तरेची. मी बाहुली खाली ठेवली आणि तिच्या नाकाची सावली अशी मऊ पडली की मी बोलायचीच थांबले. दलालाला वाटलं, खोली आवडली नाही.

डॉक्टर म्हणाल्या, "इथे आजवर माणसं फक्त रडत आलीत. तुमच्या बाळांनी काही वेगळं वाटणार नाही भिंतींना."

एकच खोट. समोरच्या इमारतीला नुकताच रंग दिलाय. पिवळाधमक! रंगाऱ्याला कुणीतरी आवरायला हवं होतं. मी तसं बोलून दाखवलं, तर डॉक्टर नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. तोंड उघडायला सांगतील असं वाटलं.

खोलीवर एका चष्मेवाल्याचाही डोळा आहे. गुरुवारपर्यंत सांगा म्हणाल्या. किल्ली दिली — "बाहुलीने काय कळतं? खरं बाळ आणून बघा."

१० मार्च, मंगळवार

आई रोज विचारते, "खोकला कमी वाटतोय ना?" आणि विचारता विचारता खोकते.

११ मार्च, बुधवार

बोचक्याला घेऊन दातांच्या दवाखान्यात गेलो. माझ्या नव्या स्टुडिओत म्हणायला जीभ शिवशिवत होती.

अभ्यासूने बाळाला गाडीतून असं आणलं की रस्त्यावरच्यांना वाटावं बॉम्ब आहे. डोळ्यांवर उजेड नको म्हणून तोंडावरून कापड. मी हीटर लावला, उशा रचल्या, सायीच्या रंगाच्या शालीत बोचकं ठेवलं. कार्ड धरलं, पहिला फोटो. मग सुरू.

काय बाळ आहे! या धंद्यात अर्धा वेळ गिऱ्हाइकाला झोपवण्यात जातो — थोपटा, हलवा, श्श्श करा, दूध पाजा, पुन्हा पहिल्यापासून. हिचे हात गालाखाली घेतले, राहिले. कुशीवर वळवलं, वळली. पाय पोटाशी दुमडले, हूं नाही की चूं नाही. अभ्यासूच्या हातून कॅमेऱ्याची पेटी धाडकन पडली, आम्ही तिघंही दचकलो. बोचकं नाही. मी म्हटलं, "अशी दहा गिऱ्हाइकं पाठवा, मी बंगला बांधते."

धाकटी हसली नाही. "ताई, सकाळपासून नीट प्यायलीच नाही गं. उठवते तर उठत नाही." मी म्हटलं, "तुला नशीब कळत नाही. लोकांच्या पोरांनी घर डोक्यावर घेतलेलं असतं." अभ्यासूने मान डोलावली. धाकटीने बाळाला पुन्हा छातीशी लावलं. तिला रडू आवरत नव्हतं, ते मी बाळंतपणाच्या खात्यात टाकलं.

घरी येऊन फोटो उघडले. पिवळे! गाल पिवळे, कपाळ पिवळं, पायांचे तळवेसुद्धा. आली समोरची भिंत माझ्या मुळावर! इतकी सुंदर खिडकी आणि समोर ते थोबाड.

डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, नको तुमची खोली, उजेड पिवळा येतो.

"पिवळा? त्या खिडकीत मी आयुष्यभर दातांचे रंग जुळवले. शेजारच्या दाताशी नवा दात जुळला नाही तर पेशंट तोंडावर आणून फेकतो. माझ्या खिडकीत पिवळा दात पिवळा दिसला आणि पांढरा पांढरा."

"तेव्हा समोर ती भिंत नव्हती, डॉक्टर."

"भिंत रस्त्यापलीकडे आहे, बाई. तुमच्या गिऱ्हाइकाच्या मांडीवर नाही. माझ्या खिडकीला नावं ठेवायची तर पुरावा घेऊन या." आणि फोन आपटला.

पुरावा काय पुरावा! म्हातारीची अक्कलदाढ अजून शाबूत आहे. पार्लरची गुलाबी खोलीच घ्यावी. निदान भांडत नाही.

फोटोंना डबल मसाला टाकला. बोचकं पुन्हा गुलाबी. आईला दाखवले. आईने सगळ्यात चांगला फोटो मोठा करून मागितलाय, पलंगासमोर लावायला. "शांत आहे हो पोर. तुझ्यासारखी रडकी नाही."

१२ मार्च, गुरुवार

बाळांच्या दवाखान्यात, बाकावर. अक्षर जाऊ दे.

सकाळी पुरावा पाठवायचा म्हणून कालचा पहिला फोटो उघडला. कार्डाचा. कार्ड करडं. स्वच्छ करडं. ते धरणारा माझा हात हातासारखा हात. आणि त्याच्या शेजारी बोचक्याचा गाल, पिवळाधमक.

तो फोटो तसाच आईपुढे धरला. आईने चष्मा लावला नाही, लागला नाही. "कावीळ आहे ही! चांगलीच चढलीय! हा फोटो आधी का नाही दाखवलास?"

काय सांगू तिला? मी रोज दाखवत होते. रोज कावीळ पुसून दाखवत होते.

आता बोचकं निळ्या दिव्याखाली आहे, डोळ्यांवर पट्टी, अंगावर चिंधी नाही. डॉक्टर म्हणाले, ती सारखी झोपही काविळीचीच; आणखी एक दिवस थांबला असतात तर कावीळ मेंदूपर्यंत गेली असती. आलात ते बरं केलंत, म्हणाले. धाकटी माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे तिचं.

दातांच्या डॉक्टरांना कळवलं, खोली घेते. कारण नाही सांगितलं.

आत्ता आतून आवाज आला. पहिल्यांदाच! ओरडतेय, अख्खा मजला डोक्यावर घेतलाय. काय भसाडा आवाज आहे कार्टीचा! रड, बाई. रड. रडत राहा.