ओल्या भिंतीचा नॉर्मल रिपोर्ट

वर्तकनगर, ठाणे

चि. बाळ यास ताईचे आशीर्वाद.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? प्राचीचा खोकला गेला असेलच, नसेल तर तिने आधी ते ताक बंद करावं. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, भिंत सोडून.

आमचा अद्वय गेम बनवणाऱ्या कंपनीत लागलाय. लागलाय म्हणजे अजून अधांतरीच आहे. पडक्या किल्ल्याच्या भिंती करून दाखवायच्या, पसंत पडल्या तर नोकरी पक्की. हे काम हाताने करायचं नसतं (असतं तर आपल्या घराण्यात कुणाला जमलं असतं?). खऱ्या भिंतीचा फोटो सॉफ्टवेअरमध्ये घालायचा. मग ते उंचवटे-खळगे ओळखतं आणि कडा अशा जुळवतं की वीतभर भिंतीतून आख्खा तट उभा राहतो. पोरगा पडक्या भिंती शोधत घोडबंदरपर्यंत हिंडला आणि परवा पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला तो ओट्यामागच्या भिंतीसमोर उभाच राहिला. वरच्या प्रभाकररावांच्या मोरीचं पाणी झिरपून तिला पोपडे धरलेत, मी दोन वर्षं कानीकपाळी ओरडतेय, तेव्हा याला ती दिसली नव्हती. आता म्हणे, "आई, काय सुंदर भिंत आहे गं." हसावं की रडावं कळेना.

सॉफ्टवेअरने एका फोटोचे चार केले. त्यातल्या एका जांभळ्या-निळ्यात पोपडा न् पोपडा उठून दिसत होता. म्हटलं, पुरावा आयता मिळाला. ती फाइल आली तशी सोसायटीच्या ग्रुपवर ढकलली. नाव कोण वाचतंय? नाव होतं 'किचन वॉल नॉर्मल'. झालं! प्रभाकररावांनी खाली लिहिलं की रिपोर्ट नॉर्मल आलेला आहे, सबब विषय संपला. लोकांनी अंगठे वर केले. तळमजल्यावरच्या श्रियाने माझं अभिनंदन केलं (तिला वाटलं, माझा ईसीजी).

मीटिंगमध्ये अद्वयने समजावलं की त्या चित्राला नावच नॉर्मल, कुठला उंचवटा कुणीकडे तोंड करून आहे एवढंच त्यात असतं. प्रभाकररावांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे ॲबनॉर्मल असा फोटो निघतच नाही?"

"नाही," अद्वय म्हणाला. (खरं बोलायची हौस. बापावर गेलाय.)

"मग झालं तर."

शेवटी मी त्यांना चहाला बोलावलं आणि ओट्याला लागून स्टूल दिलं. पोपडा आपणहून त्यांच्या कपात पडला. दुसऱ्या दिवशी प्लंबर आला.

बाकी क्षेम. घरात सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझी,
सुहासिनीताई

ता. क. प्रभाकररावांनी लाजेकाजेस्तव मोरी दुरुस्त केलीच, वर मी भाजीला गेले तेवढ्यात आमची भिंत घासून तिला क्रीम रंगही देऊन टाकला. कंपनीला अद्वयचा तट आवडलाय, पण बुरुजासाठी आणखी एक भिंत हवी, मगच पक्कं करणार म्हणे. पोरगा त्या क्रीम रंगाकडे बघत जेवतो. मला बघवत नाही रे.

ता. क. २. तुमच्या शहाडच्या घरी बाथरूममागच्या भिंतीला शेवाळ धरलंय असं प्राची फोनवर म्हणाली, तेव्हा माणसं अशी कशी राहतात म्हणून मी तुला चार शब्द सुनावले होते. ते मागे घेते. रविवारी मी आणि अद्वय येतोय. तोवर प्राचीला भिंत घासू देऊ नकोस, आणि नळ गळत असेल तर गळू दे.