नमुन्याप्रमाणे हिरवा

११ मार्च
माल नापास. चारशे दऱ्या, सैन्याच्या बराकींसाठी. दारव्ह्याच्या आमच्या विणकर संस्थेला दुसरं गिऱ्हाईक नाही, दिल्लीचं हे खरेदी खातं तेवढं.
निरीक्षक नागपूरहून आले. सोबतचा सीलबंद नमुना जीपच्या बॉनेटवर टाकला, शेजारी आमची दरी. "शेड जुळत नाही." नमुना विटलेला. वर्षानुवर्षं कुठल्या तरी खिडकीत पडलेला असणार. आमचे रंगारी हमीदचाचा म्हणाले, "साहेब, आमचा रंग गहरा नाई झाला, तुमचा उडाला."
"नमुना उडत नसतो."
हसून म्हणाले असते तर माफ केलं असतं.

१२ मार्च
कालचं राहिलेलं. नमुन्याची एक प्रत आमच्याकडेही असते, लाखेच्या सीलमध्ये, ट्रंकेत. ती दाखवली. रंग आमच्या दरीशी तंतोतंत. निरीक्षकांनी रंग पाहिलाच नाही, सील पाहिलं. तुटलेलं. पुरावा बाद.
सील कौसल्याबाईनं तोडलं होतं, पहिली दरी मागावर घेण्याआधी, उलट्या बाजूचे धागे मोजायला. मला विचारून. कापड हातात न घेता ते विणायचं असतं, हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. "लाखच सांभाळाची होती त कापड कायले देलं मंग?" कौ. विचारते. याचं उत्तर त्यांच्या कुठल्याही नियमपुस्तकात नसेल.
दिल्लीला रजिस्टर पत्र: मुख्यालयातला मूळ नमुना काढून पाहावा. तीनदा लिहिलं. दर वेळी विशेषणं काढत गेले. शेवटी विनंती तेवढी उरली.

२० मार्च
दिल्लीहून उत्तर नाही. निरीक्षकांना फोन. पुढच्या महिन्यात एकदाच फेरतपासणी. तेव्हाही नापास तर पुरवठादारांच्या यादीतून नाव जाणार. मग आवाज खाली आणून, "मॅडम, कायले भांडता? नमुन्यासारखं करून द्या न्."
बावीस माग. या साली कपाशीत निंदायला, वेचायलाही बायकांना कोणी बोलावलं नाही. माग थांबले तर जायचं कुठे, हा प्रश्न त्या विचारत नाहीत. माझ्याकडे बघतात फक्त.

२३ मार्च
ठरलं. दऱ्या उन्हात घालून विटवायच्या. मूर्खपणा आहे. मीच सुचवला.
चाचांना सांगायला जाताना वाक्य जुळवून नेलं होतं, वापरलं नाही. ते म्हणाले, "चाळीस साल लोक मले म्हनत, चाचा, रंग जाईन त नाई? आता तू म्हनतं, चाचा, जाऊ दे." मग उठून चपला शोधायला लागले.
विटका नमुना त्यांनी एकदाच पाहिला होता. तेवढा पुरे, म्हणाले. डोळ्यात आहे.

२५ मार्च
जागा मिळाली. कापूस खरेदी केंद्राचं आवार. केंद्र यंदा मोजून काही दिवस उघडलं, मग काटा बिघडला म्हणून बंद. चौकीदारानं कुलूप काढून दिलं. एवढं रिकामं आवार मार्चमध्ये कधी पाहिलं नव्हतं. चारशे हिरव्या दऱ्या पसरल्या.
रस्त्यावरून एक जण बैलगाडी थांबवून, "काहो म्याडम, सरकारनं कापूस सोडून दऱ्या घ्याले सुरू केलं काय?"
कौ. म्हणाली, "थे बी घेऊन नाई राह्यलं, भाऊ. वाळवून पाहून राह्यलो."

१ एप्रिल
रंग उडत नाही. आठवडा झाला, ऊन असं की पत्र्याला हात लावता येत नाही, आणि दऱ्या जशाच्या तशा. कौ. चाचांना चिडवते: "असा कसा रंग देला हो तुमी? भलताच इमानदार!"
चाचा हसले नाहीत.

३ एप्रिल
चाचांनी स्वतः ब्लीचिंग पावडर कालवली. दुसऱ्या कोणाला बादलीजवळ येऊ दिलं नाही. एकेक दरी बुडवायची, काढायची, उन्हात. नाकावर रुमाल. डोळे लाल. मी मदतीला गेले तर, "तू कागद पाय बेटा, कागद."

९ एप्रिल
जमलं. चाचा म्हणाले, हाच तो रंग. मेलेला हिरवा. चारशेच्या चारशे सारख्या. हेही कसब आहे, आणि ते मला कोणाला सांगावंसं वाटत नाही.

१० एप्रिल
दिल्लीचं पत्र. आपल्या विनंतीची दखल घेण्यात आली आहे. तपासणीतला नमुना जीर्ण आढळल्याने रद्द. येत्या गुरुवारची फेरतपासणी मूळ नमुन्यावरून.
म्हणजे गडद हिरव्यावरून.
सगळ्यांना वाचून दाखवलं. दोनदा. मग कौ. म्हणाली, "तुमी लयच चांगलं लिवता न् म्याडम." टोमणाच होता. मला तो हवा होता.
मुदतवाढीसाठी निरीक्षकांना फोन. "आता तर तुमच्या मनासारखं झालं, मॅडम. अजून काय?"
माल विटवला हे सांगता येईना. फोन ठेवला.

११ एप्रिल
चाचांना विचारलं, गुरुवारपर्यंत पुन्हा रंग चढेल का.
"चढन. पयल्यापेक्षा भारी चढन. तो साहेब पाहातच राहीन." मग एका दरीचं टोक दोन्ही मुठीत धरून झटका दिला. सूत टरकलं. "पावडरनं जीव गेला याचा. फौजेतले पोट्टे झोपतीन याच्यावर बर्फात. एक हिवाळा नाई निघनार."
भट्टी पेटवायला चाचा निघाले, त्यांना मी थांबवलं नाही.
पत्रासोबत एक छापील प्रमाणपत्र आलं आहे. तपासणीआधी सचिवांनी सही करून द्यायचं. सादर केलेल्या मालावर विणकामानंतर कोणतीही प्रक्रिया करण्यात आलेली नाही. खाली नाव, हुद्दा, सही. सचिव मी.
नाव लिहिलं. हुद्दा लिहिला.
बाहेर कढईत पाणी उकळतं आहे. कौ. दोनदा दारात येऊन गेली.