दहा दिवस इंग्रजी बंद

२ जुलै, सकाळी ६
उद्या लेक उर्वी येतेय टोरांटोहून, दहा दिवसांसाठी. सोबत तिचा तेजस. वय सहा, मराठी शून्य. काल आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, इलाइट चौराह्यावर, जिकडेतिकडे इंग्लिश स्पीकिंगच्या पाट्या. किळस आली. जगभर पसरून पोट भरलं नाही या भाषेचं, आता नातवाच्या तोंडून माझ्या घरात घुसणार.
ठराव: मी घरात इंग्रजी बोलणार नाही. जाण्यापूर्वी तेजस मला मराठीत 'आजोबा, गोष्ट सांगा' म्हणेल. डिसिजन फायनल.
मला येत नाही असं नाही. कारखान्याच्या ऑफिसात चौतीस वर्षं इंग्रजी ड्राफ्टिंग केलंय. साहेब नुसती सही करायचे.

३ जुलै
आले. तेजस म्हणाला, हाय ग्रँडपा. मी उत्तर दिलं नाही. प्रिन्सिपल म्हणजे प्रिन्सिपल.

४ जुलै
आमची ही, अरुंधती, त्याच्याशी बेधडक सुरू. 'यू ईट, देन वी गो छत.' ग्रामर नाही, लाज नाही. तो मात्र निमूट जेवून तिच्यामागे छतावर गेला. मी म्हटलं, भाषेचा खून करतेस. ती म्हणाली, तुम्ही तर तोंडच उघडत नाही.

६ जुलै, दुपारी
मराठीचा क्लास घेतला. 'खिडकी बंद कर, मक्खी येते' शिकवलं. उर्वी हसत सुटली. म्हणे, बाबा, मक्खी हिंदी आहे. आमच्या गुरसरायच्या मराठी घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मक्खीच येते! क्लास सस्पेंड.

८ जुलै
तेजस गोष्टीचं पुस्तक घेऊन खुर्चीशी आला. काहीतरी भरभर विचारलं. अक्षर कळलं नाही. उच्चारच घाणेरडे, कॅनडाचे. चष्मा सापडत नाही अशी अ‍ॅक्टिंग केली. चष्मा डोळ्यांवरच होता. तो पुस्तक घेऊन छतावर गेला, अरुंधतीकडे.

११ जुलै
उद्या जाणार. ठरावात मामुली सवलत: निरोपाचं एकच इंग्रजी वाक्य, शिष्टाचार म्हणून. बाथरूममध्ये नऊ वेळा प्रॅक्टिस. परफेक्ट.

१२ जुलै, दुपारी २
स्टेशन. तेजस पाया पडला आणि म्हणाला, 'आजोबा, गोष्ट सांगा.' अरुंधतीनं छतावर शिकवलेलं. म्हणजे जिंकलो मी! तोंड उघडलं आणि बाहेर पडलं: 'रिसीव्ड विथ थँक्स. नेसेसरी अ‍ॅक्शन विल बी टेकन.'
पोर आईमागे सरकलं. गाडी सुटली. चौतीस वर्षांची सवय, दुसरं काही नाही.

१४ जुलै
उर्वीचा फोन. पोहोचले. तेजस विचारतोय, आजोबा माझ्यावर रागावलेत का. अरुंधतीनं फोन घेतला आणि आपल्या त्या भिकार इंग्रजीत त्याला सांगितलं, ग्रँडपा नो अँग्री. ग्रँडपा नो इंग्लिश.
मी शेजारीच होतो. तिचं म्हणणं तिथल्या तिथे खोडून काढणार होतो. पण ते इंग्रजीत खोडावं लागलं असतं.