मौन म्हणजे हिरवी खूण

४ जानेवारी २०२१, हार्लेम, नेदरलँड्स
आर्नहेमच्या ऑफिसातून मोठा प्रोजेक्ट आला. कॅनडाच्या पार उत्तरेला इनुइट आदिवासींचं एक गाव. शेजारच्या खाणीला हिवाळ्यातही बर्फ फोडून त्यांच्या खाडीतून जहाजं न्यायची आहेत. गाव त्याच बर्फावर सीलची शिकार करतं. पर्यावरणावर काय परिणाम होईल, याबद्दल गावाचं मत घेणं सक्तीचं. करोनामुळे तिथे कुणी जाऊ शकत नाही. म्हणून ॲप. करणार मी.
बॉस मारलूस म्हणाली, हे नीट झालं तर पुढचा प्रोजेक्ट लीड तू. झाल्यातच जमा.
ऋजुताला सांगितलं, बेडरूमच्या खिडकीजवळचं तुझं टेबल आता मला लागेल. काही बोलली नाही. समजूतदार बायको आहे.
संकल्प: रोज रात्री धावणे.

१२ जानेवारी
डिझाइन तयार. मान्य नसेल तर लाल बटण दाबा. अर्ध्या मिनिटात काही दाबलं नाही, तर आपोआप हिरवी खूण. मौन म्हणजे संमती, हे आपल्याकडे पूर्वापार चालत आलंय. निम्मी लग्नं याच तत्त्वावर ठरली. मारलूस म्हणाली, मला हे धोक्याचं वाटतं. डच लोक तोंडावर बोलतात, पण मनात तसं काही नसतं.

२ फेब्रुवारी
तिथलं इंटरनेट सॅटेलाइटवर चालतं, मुंगीच्या पावलांनी. रामबाण उपाय सापडला: कॅमेरे बंद. गावातली समन्वयक एलिसापी म्हणाली, कॅमेरे हवेत, माणसं दिसायला हवीत. मी तिला सांगितलं, आपल्याला मतं हवीत, चेहरे नकोत. वाक्य झकास जमलं. प्रेझेंटेशनमध्ये घेणार.
संचारबंदी लागल्यामुळे रात्री धावणं बंद. सकाळी धावणं माझ्या प्रकृतीला मानवत नाही.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी
पहिली सुनावणी. हॉलमध्ये गावातली जुनीजाणती मंडळी अंतर ठेवून बसलेली, प्रत्येकाकडे टॅबलेट, असं एलिसापीनं सांगितलं. एलिसापी प्रश्न त्यांच्या भाषेत सांगायची. हिवाळ्यात जहाजं चालतील का? शांतता. हिरवं. सीलची पिल्लं असतात तिथून गेली तर? शांतता. हिरवं. शेवटपर्यंत एकही लाल नाही.
आमच्या महाराष्ट्र मंडळात चकलीच्या तिखटावरसुद्धा एवढं एकमत होत नाही.

१८ फेब्रुवारी
एलिसापीची मेल. त्यांनी प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं, तुम्ही बघत नव्हता. काव्यात्म लोक आहेत.
रिपोर्ट पाठवून दिला: गावाची हरकत नाही.
ऋजुता हल्ली फारसं बोलत नाही. सलग तिसऱ्या दिवशी खिचडी. घर शांत असलं की काम चांगलं होतं.

२ मार्च
एलिसापीनं परस्पर मारलूसला गाठलं. आज पुन्हा सुनावणी, कॅमेरे चालू ठेवून. चित्र अडखळत आलं. पहिला प्रश्न विचारला, आणि सगळ्यांनी नाक आक्रसलं. दुसऱ्या प्रश्नालाही तेच. हॉलमध्ये कसलातरी वास येत असावा. मारलूसला चॅटवर तसं कळवलं.
मग एलिसापीनं सांगितलं. आमच्याकडे भुवया उंचावल्या की हो. नाक आक्रसलं की नाही. मागच्या वेळी सगळे प्रत्येक प्रश्नाला नाहीच म्हणत होते. तुमच्या बंद कॅमेऱ्याकडे बघून.
एक आजोबा बोलले. एलिसापीनं भाषांतर केलं. मुलगा बर्फावर गेलेला असताना जहाजानं मागचा बर्फ फोडला, तर तो घरी कुठून येणार, हे कुठल्या बटणावर सांगायचं?
मला वाईट वाटलं. जेवणही गेलं नाही, आणि आज खिचडी नव्हती.
ऋजुताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आपल्याकडे नाक मुरडणं म्हणजे दुसरं काय असतं?

५ मार्च
रिपोर्ट मागे घेतला. गाव आता स्थानिक रेडिओवर फोन करून मत सांगणार. नेहमी तसंच सांगतात म्हणे. मला हे आधी कुणी कळवलं नाही. (एलिसापीनं जानेवारीत कळवलं होतं. मेल फार लांब होती.)
खचून जायचं नाही. एवढं चांगलं ॲप वाया कशाला घालवा? आपल्या टीम मीटिंगला वापरू, असं सुचवलं. मारलूसनं लगेच मान्य केलं. माझ्यावरचा विश्वास अजून शाबूत आहे.

९ मार्च
सुपरमार्केटमधून दूध घेऊन आलो, तर माझा लॅपटॉप, खुर्ची, वायरींचं भेंडोळं, सगळं खाली सायकली ठेवायच्या खोलीत. खिडकीजवळ ऋजुता स्वतःच्या टेबलाशी बसून मीटिंग करत होती. मीटिंग संपल्यावर विचारलं, हे कधी ठरलं? ती म्हणाली, जानेवारीपासून रोज नाही म्हणतेय. मी म्हटलं, एकदाही बोलली नाहीस. ती म्हणाली, तोंडाकडे बघायचं होतंस.

१२ मार्च, सायकलींच्या खोलीत
इथे वायफायची एकच दांडी येते. कॅमेरा लावला की कॉल तुटतो, म्हणून कॅमेरा बंद. टीम मीटिंग, माझ्याच ॲपवर. मारलूसनं विषय काढला: यापुढे प्रोजेक्ट लीड आइंडहोवनच्या ऑफिसातला आशुतोष. कुणाची हरकत?
माझी होती. बोलायला गेलो, आवाज पोचेना. लाल बटण दाबलं, ते नुसतं गरगर फिरत राहिलं. शेवटी नाक आक्रसलं. चष्मा वर सरकेपर्यंत आक्रसलं. समोर ऋजुताची सायकल होती, तिच्याकडे बघून.
अर्ध्या मिनिटानं माझ्या नावापुढे हिरवी खूण आली.